नमस्कार जुळेना

संधिवाताच्या डॉक्टर मॅडमनी मला नमस्कार करायला सांगितला तेव्हा वाटलं, बाई गंमत करताहेत. "छातीशी हात जोडा. कोपरं बाजूला. आता तळवे आणि बोटं पूर्ण चिकटू देत." मी जोडले. बोटांची टोकं टेकली, मनगटाजवळचा भाग टेकला, पण मधे होडीच्या आकाराची फट राहिली. जोर लावला तरी बोटं सरळ होईनात. मॅडमनी टेबलावरचं बॉलपेन उचललं आणि त्या फटीतून अलगद आरपार नेलं.

"हे सगळं चिकुनगुनियाचं नाही," त्या म्हणाल्या. "यातला काही वाटा तुमच्या बारा वर्षांच्या साखरेचा आहे."

ही गोष्ट नोव्हेंबर २०२४ची. तोवर मला ताप येऊन दोन महिने झाले होते आणि या दोन महिन्यांत मी दोन वेगवेगळ्या आजारांची औषधं दोन वेगवेगळ्या पिशव्यांत घेऊन हिंडत होते. दोन्ही आजारांची आपसात गाठ आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर मीही विचारलं नव्हतं.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. वय ५७. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीचे हिशेब बघते. मधुमेह २०१२ पासून. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन एवढी औषधं, पण माझी भिस्त खरी सकाळच्या चालण्यावर. महापालिका मुख्यालयाजवळच्या कचराळी तलावाला रोज फेऱ्या मारायच्या, घरी येऊन चहा, मग तीन हात नाक्यावरून ऑफिस. ऑगस्टमध्ये एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, आपल्या भाषेत 'तीन महिन्यांची', ७.२ आली होती. डॉक्टर खूश, मी खूश.

गौरी-गणपती गेले आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे थंडी वाजून ताप भरला. १०३. त्याचं फार वाटलं नसतं, पण बाथरूमला जायला म्हणून पाय जमिनीवर टेकवला आणि घोट्यात असं काही झालं की मी परत पलंगावर बसले. मनगटं, घोटे, बोटांची पेरं, सगळी एकाच रात्रीत संपावर गेली होती. भिंतीला धरून, कमरेत वाकून मी बाथरूमपर्यंत गेले. चिकुनगुनिया हा शब्द टांझानियातल्या माकोंडे लोकांच्या भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ वाकवून टाकणारा असा होतो, हे मला पुढे कळलं. १९५२ साली तिथे हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला. नाव ठेवणाऱ्याने बहुतेक मलाच बघितलं असावं.

डास कुठला, यावर घरात एकमत होतं. समोरच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट चाललंय, तिथल्या खड्ड्यात महिनाभर पाणी. आम्ही तिकडे बोट दाखवून मोकळे झालो. मग पालिकेचा आरोग्य कर्मचारी आला. त्याने स्वयंपाकघरात टॉर्च मारला आणि आमच्याच फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. एडिस डासाला असंच साचलेलं स्वच्छ पाणी लागतं आणि तो चावतो दिवसा. ह्यांनी निमूटपणे ट्रे धुतला. समोरच्या बिल्डरविषयी त्यानंतर घरात कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशीची चूक मात्र शंभर टक्के माझी. तोंडाला चव नव्हती, सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, पण मधुमेहाच्या गोळ्या मी इमानदारीत घेतल्या. बारा वर्षांत कधी चुकवल्या नव्हत्या, ताप आला म्हणून कशाला चुकवू? अकराच्या सुमारास घाम फुटला. वाटलं, ताप उतरतोय. मग हात थरथरायला लागले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. ह्यांनी मोजली तर साखर ५८. तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, पंधरा मिनिटांनी परत मोजली, ८१. मग अर्धी पोळी दुधात कुस्करून.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न असो नसो, ती आपलं काम करतेच. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण माहीत असणं आणि तापात आठवणं यांत फरक आहे. आमच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "खाणं नसेल तर ही गोळी बंद, उलट्या-जुलाब असतील तर मेटफॉर्मिनही बंद, आणि दर चार तासांनी साखर बघून मला कळवा." माझ्या नणंदेला डॅपाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची दुसरी गोळी चालू आहे. तीही उपाशी आजारपणात थांबवावी लागते, कारण साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. आजारपणातल्या दिवसांसाठी वेगळे नियम असतात आणि ते आजारी पडण्याआधी विचारून ठेवायचे असतात. आता ते आमच्या फ्रिजवर चिकटवलेत, त्याच फ्रिजवर.

डेंग्यूची एनएसवन चाचणी निगेटिव्ह आली. तोवर पॅरासिटामॉलशिवाय दुसरं काही घ्यायचं नाही अशी सक्त ताकीद होती, कारण डेंग्यू असेल तर बाकीच्या वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. सातव्या दिवशी चिकुनगुनियाची आयजीएम चाचणी पॉझिटिव्ह आली. गंमत म्हणजे तेव्हा ताप जाऊन दोन दिवस झाले होते. अंगावरचं पुरळही मावळलं होतं. नाकाचा शेंडा तेवढा काळवंडला होता. शेजारच्या वहिनी दारातून बघून म्हणाल्या, "अगंबाई, हे काय लावलंस?" काही लावलं नव्हतं. चिकुनगुनियात काही जणांचं नाक काळं पडतं आणि काही महिन्यांनी हळूहळू उजळतं. माझं उजळलं. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी नाकावर जायची, आणि मग तो म्हणायचा, "चला, ताप गेला ना, सुटलीस."

सुटले कुठे. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. केस विंचरता येईनात, कुकरचं झाकण लागेना, आणि साखर मोजायच्या यंत्राबरोबर येते ती टोचणी, तिची स्प्रिंग मागे ओढायलाही अंगठ्यात जोर नव्हता. मधुमेही माणसाला स्वतःची साखर मोजता येऊ नये, यासारखी लाचारी नाही. ते काम ह्यांच्याकडे गेलं. ह्यांना रक्त बघवत नाही. डोळे मिटून टोचायचे आणि नेमकं दुखऱ्या पेरावर टोचायचे. त्यातून आमची रोज सकाळी एक फेरी भांडणाची व्हायची, कचराळीच्या फेऱ्यांऐवजी.

चालणं अर्थातच बंद. घोटे सुजलेले. फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची साखर, १२० वरून १६०-१७० वर गेली. मधुमेहाचे डॉक्टर म्हणाले, "हालचाल वाढवा." आमच्या भागातल्या ज्या डॉक्टरांकडे मी सांध्यांसाठी जात होते, ते म्हणाले, "विश्रांती घ्या." दोघंही आपापल्या जागी बरोबर. मी मधल्या मधे सोफ्यावर.

त्यात घरगुती उपाय. आपल्याकडे सांधेदुखीवर जे जे म्हणून सांगतात ते सगळं गोड का असतं, याचा कुणीतरी शोध घ्यायला हवा. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, खारीक-खोबरं, गूळ घातलेला काढा. नणंदेने डोंबिवलीहून डबा पाठवला, चिठ्ठीसकट: 'साखर नाही, गूळ आहे, बिनधास्त खा.' गुळाने साखर वाढत नाही हा समज बायकांमध्ये इतका घट्ट आहे की त्यावर वाद घालण्यापेक्षा लाडू ह्यांना दिलेले बरे. ह्यांचे सांधे आता उत्तम आहेत.

एक उपाय मात्र मी केला आणि तो अंगाशी आला. घोट्यांना गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. बरं वाटायचं म्हणून पिशवी पायांखाली ठेवून एका रात्री झोपले. सकाळी डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड. दुखला नाही, आणि तीच तर चिंतेची गोष्ट होती. पायांना मुंग्या येतात हे मी दोन वर्षं बोलून दाखवत होते, पण तळव्याची संवेदना कमी झाली आहे हे त्या फोडाने सिद्ध केलं. तो भरायला पाच आठवडे लागले. मधुमेह्याने शेकायचंच तर पाणी पायाने नाही, कोपराने तपासायचं, तेही दुसऱ्या कुणाच्या.

आता प्रेडनिसोलोनची, म्हणजे स्टेरॉइडची गोष्ट. वेदनाशामक गोळ्या तीन आठवडे घेऊनही फरक पडेना, तेव्हा त्याच डॉक्टरांनी नवरात्रात एक छोटी पांढरी गोळी लिहून दिली. रोज सकाळी नाश्त्यानंतर, २० मिलिग्रॅम. त्यांना माझा मधुमेह ठाऊक होता, फाइलवर लाल शाईने लिहिलेलाही होता. "साखर बघत राहा," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः ओलं फडकं पिळलं. हसू नका, मला रडू आलं होतं. चार दिवसांनी वेणी घातली, ऑफिसला गेले, रिक्षात दोन्ही हातांनी दांडी धरली.

आणि साखर? सकाळी उठल्या उठल्या मोजायची, ती ११८, ११२, १२१. मी म्हटलं, बघा, उगाच घाबरवतात स्टेरॉइडला. पट्ट्या महाग, म्हणून दिवसातून एकदाच मोजत होतो. तहान खूप लागायची, रात्री दोनदा उठावं लागायचं, पण ऑक्टोबरची हीट म्हणून सोडून दिलं. दहाव्या दिवशी ऑफिसात चार वाजता समोरच्या व्हाउचरवरचे आकडेच दिसेनात. पर्समध्ये यंत्र होतं, शेजारच्या मुलीने टोचलं. ३६२.

मला वाटलं, बोटाला बिस्किटाची साखर लागली असेल. हात धुऊन परत मोजली. ३५५.

मधुमेहाच्या डॉक्टरांकडे त्याच संध्याकाळी गेले. त्यांनी माझी सकाळची सुंदर यादी बघितली, मग ते ३६२ बघितलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "स्टेरॉइड कोण देतंय?" मी त्यांना सांगितलंच नव्हतं. सांध्यांचं औषध, त्यांना कशाला सांगायचं? सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा साखरेवरचा जोर दुपारी आणि संध्याकाळी असतो, रात्रीतून तो ओसरतो. त्यामुळे फास्टिंग शहाण्या मुलासारखी दिसते आणि खरा धुमाकूळ दुपारच्या जेवणापासून पुढे चालतो. मी नेमक्या त्याच वेळी मोजत होते, ज्या वेळी दिसण्यासारखं काही नव्हतं.

त्यांनी आणखी एक तपासणी करायला लावली, मूत्रपिंडाची. क्रिएटिनिन १.४. ऑगस्टमध्ये ०.९ होतं. टेल्मिसार्टन, बारा वर्षांचा मधुमेह आणि त्यावर इतके आठवडे वेदनाशामक, हे तिन्ही मिळून मूत्रपिंडावर ओझं टाकत होते. वेदनाशामक त्या दिवशी बंद झालं. स्टेरॉइड मात्र एकदम बंद करायचं नाही, कारण शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं तात्पुरतं मंद करून बसलेलं असू शकतं. टप्प्याटप्प्याने उतरवायचं, आणि तोवर सकाळी इन्सुलिन. स्टेरॉइडची मात्रा कमी झाली की इन्सुलिनचीही कमी, नाहीतर पुन्हा ते ५८. दिवाळीत सगळे फराळाचं बघत होते आणि आम्ही नवरा-बायको इन्सुलिनच्या पेनावरचे युनिट्स मोजत होतो. चकल्या विकत आणल्या. त्या वर्षी सोऱ्या बाहेर काढलाच नाही, फिरवणार कोण?

याच डॉक्टरांनी मला संधिवाताच्या मॅडमकडे पाठवलं आणि जाताना एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीत माझ्या सगळ्या औषधांची यादी होती. एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला माझ्याविषयी काही लिहून कळवल्याची ती पहिलीच वेळ.

मॅडमनी नमस्कार करून घेतला, पेन आरपार नेलं, आणि मग समजावलं. रक्तातली जास्तीची साखर वर्षानुवर्षं स्नायुबंध आणि त्वचेतल्या प्रथिनांना चिकटत राहते, ती प्रथिनं ताठ होतात. म्हणून मधुमेह्यांची बोटं आखडतात, खांदा धरतो. माझी बोटं आधीच थोडी ताठ असणार, लक्षात आलं नव्हतं एवढंच. चिकुनगुनियाचा विषाणू सांध्यांच्या अस्तरात शिरतो. तो तिथून गेल्यावरही अस्तराची सूज बरेच महिने राहू शकते. आणि शरीरात कुठेही अशी सूज धुमसत असली की इन्सुलिनचं काम बिघडतं. साखर चढली की सूज कमी व्हायला वेळ लागतो, सूज राहिली की साखर चढते. "म्हणून तुमच्यासारख्यांना जास्त महिने लागतात," त्या म्हणाल्या. "आळस नाही, वय नाही."

'वय नाही' असं त्या म्हणाल्या म्हणून मला त्या फार आवडल्या. तोवर सगळे मला वयच सांगत होते.

आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या संधिवाताच्या दोन्ही चाचण्या निगेटिव्ह. म्हणजे बहुधा नेहमीचा संधिवात नाही. सूज दाखवणारं सीआरपी वाढलेलं. त्यांनी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू केलं. याने प्रत्येकाला फायदा होतोच असं नाही, आपण तीन महिने बघू, हे आधीच सांगितलं. त्या औषधाची एक गंमत आहे, त्याने साखर थोडी उतरते. डोळ्यांचा पडदा मात्र तपासून घ्यावा लागतो, आणि तो मधुमेहामुळे मला दरवर्षी तपासायचाच असतो. दोन आजार पहिल्यांदाच एका कामात मला सोयीचे पडले.

मग मी माझ्या सवयीचं काम केलं. रोजकीर्द उघडली. दोनशे पानी वही, डाव्या पानावर सांधे, उजव्यावर साखर. साखरेला आकडा असतो, सांध्याला काय आकडा देणार? 'खूप दुखलं' याने हिशेब लागत नाही. शेवटी सकाळी उठल्यापासून गॅसचा लायटर एका हाताने दाबता येईपर्यंत किती मिनिटं लागतात, ते लिहायला लागले. सुरुवातीला ९५ मिनिटं. ह्यांनी त्या काळात पहिला चहा करायला शिकून घेतला, तो अजून चालू आहे.

तीन आठवड्यांत वही बोलायला लागली. ज्या दिवशी लायटरला जास्त वेळ, त्या दिवशी तेच जेवण जेवूनही दुपारची साखर तीस-चाळीसने वर. आणि ज्या दिवशी फिजिओथेरपीच्या ताईंचे व्यायाम झाले, त्या दिवशी खाली. ते व्यायाम म्हणजे खुर्चीत बसून टाचा उचलणं, पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली वरखाली करणं, मऊ कणकेचा गोळा मुठीत दाबणं. चालता येत नाही म्हणजे हालचाल बंद, असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. दुपारच्या जेवणानंतर दहा मिनिटं खुर्चीत टाचा उचलल्या तरी पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात. 'हालचाल वाढवा' आणि 'विश्रांती घ्या' यांच्या मधली जागा त्या खुर्चीत होती.

वही दोन्ही डॉक्टरांकडे न्यायची. मधुमेहाचे डॉक्टर पूर्वी फक्त उजवं पान बघायचे. एकदा त्यांनी डावं पान उलटून विचारलं, "हे लायटर काय आहे?" सांगितल्यावर जोरात हसले, पण त्यानंतर दर वेळी आधी लायटरच विचारतात.

डिसेंबरमध्ये तीन महिन्यांची ८.८ आली. त्या आकड्यात अख्खं नवरात्र आणि दिवाळी होती, त्यामुळे मी फार मनाला लावून घेतलं नाही. खोटं कशाला बोलू, दोन दिवस लावून घेतलं. क्रिएटिनिन मात्र १.० वर आलं होतं. इन्सुलिन नाताळाच्या सुमारास बंद झालं. जानेवारीच्या एका सकाळी मी कचराळी तलावापर्यंत गेले, एक फेरी मारली आणि बाकावर बसले. रोजच्या बायका भोवती जमल्या. त्यातल्या दोघींना चिकुनगुनिया होऊन गेला होता. जिला मधुमेह नाही ती तीन आठवड्यांत फेऱ्या मारायला लागली होती. दुसरीला आहे. ती माझ्या शेजारी बाकावर बसली होती, बूट सैल करून.

मार्चमध्ये ७.५. लायटर १५ मिनिटांवर. उजवा खांदा मधेच धरला, तो अजून पूर्ण वर जात नाही, त्याचं वेगळं प्रकरण चालू आहे.

मॅडमनी पुन्हा नमस्कार करायला सांगितला. पेन आडवं धरून त्यांनी फटीतून घालून बघितलं, गेलं नाही. मग त्यांनी पेन उघडलं आणि आतली रिफिल काढली. ती गेली. "एवढी बहुतेक राहील," त्या म्हणाल्या, "ही जुनी आहे." घरी आल्यावर ह्यांनी काडेपेटीतली काडी आणली. तीही गेली. आता दर रविवारी सकाळी चहाबरोबर हे काडी घेऊन समोर बसतात आणि मी हात जोडते.